कनवटीच्या सुपारीचं प्रवासवर्णन

नांद्याच्या जयसिंग रानवड्यांच्या बायकोला गाडी लागायची. आता गाडी कुणाला लागत नाही? पण चंद्राबाईंचं लागणं साधंसुधं नव्हतं. लग्न लागून त्या कासार आंबोलीहून सासरी निघाल्या, तेव्हा जयसिंगरावांच्या वडिलांनी मानपानात कमी नको म्हणून बंद काचांची मोटार आणवली होती. तेवढ्याशा वाटेत नव्या नवरीनं नवऱ्याचा फेटा आणि करवलीचं कोरं लुगडं दोन्ही धुवायला काढलं. वऱ्हाडातली माणसं पुढं कित्येक वर्षं त्या लग्नाची हीच आठवण सांगायची, जेवणाबद्दल कुणी बोलायचं नाही.

तेव्हापासून चंद्राबाईंनी मोटारीशी वैर धरलं. एस.टी. नुसती वळणावर दिसली तरी पदर नाकाला लावायच्या. माहेरी जायचं तर चालत, घोटावड्याला जायचं तर चालत. लेक गौतमी सासवडला दिली, तर लेकीनंच इकडं यायचं. शेतावर जाताना तेवढ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर बसायच्या, चंची सोडून पान जमवत मजेत जायच्या, पण त्याला काही कुणी प्रवास म्हणत नाही.

आणि अशा बाईला नवरा मिळाला तो जन्माचा हिंडफिऱ्या. म्हणजे हौसेनं हिंडफिऱ्या. प्रत्यक्षात गोठा आणि भातखाचरं सोडून त्यांना कुठं जायला मिळालं? पोरवयात पौडाला गेले की स्टँडवर उभं राहून लांबच्या गाड्यांच्या पाट्या वाचायचे आणि तेवढ्यावर समाधान मानून घरी यायचे. मग हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, नांदे-चांद्याच्या माळाला किंमत आली. रानवड्यांनीही माळाचा एक तुकडा विकला. बाकीच्यांनी दारात मोठाल्या गाड्या उभ्या केल्या. जयसिंगरावांनी घरावर भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या, आणि पौडच्या एका टूरवाल्याच्या बसमध्ये रामेश्वराच्या सहलीच्या दोन जागा धरल्या. दोन, बरं का. साठीला टेकलेल्या ह्या माणसाची एकच इच्छा होती: आपण समुद्र बघावा, आणि आपण बघू तेव्हा शेजारी चंद्रा असावी.

चंद्राबाईंनीही मन घट्ट केलं. आलेपाक घेतला, लिंबू घेतलं, देवाला नवस बोलल्या. खेड शिवापूरला बस चहासाठी थांबली, तोवर त्यांचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता. त्या उतरल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत.

"तुमी जावा," त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसून म्हणाल्या. "मी हितून माघारी जाते. पण बघाल ते नीट बघा, आन् मला येऊन सांगा."

गावाकडं निघालेला एक भाजीचा टेम्पो भेटला. त्याच्या मागच्या उघड्या हौद्यात रिकाम्या पाट्यांमध्ये बसून चंद्राबाई परत गेल्या. जयसिंगरावांनी पुढचा सगळा प्रवास शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून केला. तिथं कुणाला बसू दिलं नाही.

रामेश्वराला पूजेला बसले, तर गुरुजींनी विचारलं, पत्नी कुठं आहे? हे म्हणाले, घरी हाय. गुरुजींनी समोरच्या ताटातली एक सुपारी उचलून दिली आणि ती कनवटीला लावायला सांगितली. बायको सोबत नसेल तर तिच्या जागी सुपारी धरायची, ही आपली जुनी रीत. गुरुजी दिवसातून कित्येकांना अशी सुपारी देत असतील आणि विसरून जात असतील. जयसिंगराव विसरले नाहीत. त्यांनी धोतराच्या कनवटीत ती सुपारी खोवली, आणि खरं सांगायचं तर खेड शिवापूरपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

पूजा झाल्यावर सुपारी तिथंच ठेवायची असते. ती त्यांनी ठेवली नाही. समुद्रावर गेले, कनवटीतून तिला बाहेर काढलं, तळहातावर धरली आणि म्हणाले, "बघ गं."

घरी आल्यावर मात्र पंचाईत झाली. माणूस हिंडण्यात हौशी, पण सांगण्यात अगदीच कोरडा.

"कसा व्हता समुद्र?" चंद्राबाईंनी गाईच्या आचळाला हात घालत विचारलं.

"लई मोठा."

"आन्?"

जयसिंगरावांनी बराच विचार केला. "खारट," ते म्हणाले.

दुधाची धार तेवढी जरा जोरात पडायला लागली. जयसिंगराव गोठ्याच्या दाराशी उभे राहून स्वतःवर चिडत होते. डोळ्यांपुढं सगळा समुद्र दिसत होता आणि तोंडातून त्यातला थेंब निघत नव्हता.

पुढं दरवर्षी सुगी आटोपली की ते टूरवाल्याच्या बसमध्ये बसू लागले. चंद्राबाई दशम्या बांधून द्यायच्या, आणि निघताना स्वतःच विचारायच्या, "सुपारी घेतली का?" विचारताना जरा हसायच्या, पण एकदा म्हणाल्या होत्या, "माझ्यापरास तिचाच थाट हाय बगा." जयसिंगरावांना ते लागलं होतं. तरी सुपारी कनवटीला लावूनच ते निघाले.

बसमधल्या लोकांना ही सुपारी हळूहळू माहीत झाली. चहाला थांबलं की हे बशीशेजारी ती ठेवायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "आबा, काकूंना साखर कमी का?" हेही हसायचे. पण चहा संपल्याशिवाय तिला उचलायचे नाहीत.

वरच्या खोल्यांत तोवर परभणीकडचं एक जोडपं राहायला आलं होतं, ऋषिकेश आणि ऋतिका. दोघंही हिंजवडीत कामाला. ऋषिकेशनं नवा कॅमेरा घेतला, तेव्हा जुना छोटा डिजिटल कॅमेरा त्यानं काकांना देऊन टाकला आणि कुठलं बटण दाबायचं ते शिकवलं. काका त्या वर्षी काशीला गेले. परत आल्यावर ऋतिकानं फोटो लॅपटॉपवर घेतले आणि बघतच राहिली. घाट होता, घाटाच्या पायरीवर सुपारी. नाव होती, नावेच्या काठावर सुपारी. बसची खिडकी, आणि खिडकीच्या गजाला टेकून बाहेर बघणारी सुपारी. काका स्वतः एकाही फोटोत नव्हते.

"काका, हे काय?"

काका कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी खाली चंद्राबाई नाहीत ना ते बघून तिला सगळं सांगितलं, रामेश्वरपासून. ऋतिकाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "काका, हे लोकांपर्यंत गेलं पाहिजे."

"लोकांचं ऱ्हाऊ दे पोरी," जयसिंगराव म्हणाले. "हिच्यापत्तुर गेलं तरी बास. मला सांगायला येत न्हाई."

हे २००८ सालातलं. त्या रविवारी रानवड्यांच्या ओसरीवर बैठक बसली: फोटो आणि प्रवासाची हकिकत इंटरनेटवर ठेवायची, पण ठेवायची कुठं? ऋषिकेशचं एक मत, ऋतिकाचं दुसरं. लग्नाला दोनच वर्षं झालेली, त्यामुळं दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते. जयसिंगराव मांडी घालून मध्ये बसले आणि त्यांनी दोघांना असे प्रश्न विचारले, जसे त्यांची खोली बघायला येणारे बिऱ्हाडकरू त्यांना विचारायचे. घरमालकाला कधी नव्हे ती भाडेकरू व्हायची संधी मिळाली होती.

आधी ऑर्कुट दाखवलं. तिथं आधी मित्र जोडायचे, मग ते येऊन आपल्या पानावर काहीबाही लिहून जाणार.

"म्हंजे कुणीबी येऊन आपल्या भितीवर लिहून जायचं? विलेक्शनला लिवत्यात तसं?"

"काका, अगदी तसं नाही, पण..."

"नको. आत्ताच रंग दिलाय."

मग ऋषिकेशनं फोटोंची एक साइट उघडली. एकाशेजारी एक फोटो, टाइल्स बसवल्यासारखे लखलखीत. पण हकिकतीला जागा म्हणजे प्रत्येक फोटोखाली एक चिंचोळी ओळ.

"खोली झ्याक हाय," काका म्हणाले. "पण ओसरीच न्हाई की. माणसानं बोलायचं कुटं?"

ऋतिकानं विजयी मुद्रेनं नवऱ्याकडं बघितलं आणि ब्लॉग उघडला. कोरं पान. पाहिजे तेवढं लिहा, पाहिजे तिथं फोटो लावा. जयसिंगरावांना ते मोकळं रान बघताक्षणी आवडलं. तरी चौकशी सोडतील तर ते घरमालक कसले?

"जागेचा मालक कोण?"

"एक कंपनी आहे काका, अमेरिकेतली."

"भाडं?"

"काहीच नाही. फुकट."

इथं मात्र जयसिंगरावांचा चेहरा उतरला. "भाडं घेत न्हाई त्यो मालक कवा उठवंल सांगता यायचं न्हाई. उद्या त्यानं जागा बिल्डरला इकली, मंग आमी बिऱ्हाड घेऊन कुटं जायाचं?"

सगळं एका सीडीवरही उतरवून देईन, असं ऋतिकानं कबूल केलं, तेव्हा कुठं ते मानले. राहिला कुंपणाचा प्रश्न. ब्लॉग सगळ्यांना उघडा ठेवायचा, की ज्यांना बोलावू त्यांनाच दिसेल असा? बायकोची गोष्ट आहे, आपल्याआपल्यात ठेवा, असं ऋषिकेशचं म्हणणं. जयसिंगरावांनाही ते पटत होतं.

"मंग हिला कसं दिसंल?"

"काकूंचा ईमेल काढावा लागेल. नाहीतर ऋतिकाच्या नावानं उघडून दाखवू."

जयसिंगरावांनी चुन्याच्या डबीवर बोट वाजवलं. "जिच्यासाठी घर बांधायचं, तिनं दुसऱ्याची चावी मागून आत यायचं? न्हाई. उघडंच ऱ्हाऊ द्या. हितं कोण येतंय चोरायला, सुपारी?"

सगळे हसले आणि कुंपण राहून गेलं. पुढचं रामायण इथंच सुरू झालं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

लिहायचं कसं, हा आणखी एक पेच होता. ऋतिका टाइप करायला बसली की काका पुन्हा "लई मोठं" आणि "लई गर्दी" ह्यावर यायचे. मग तिनं युक्ती केली. काकू विहिरीवर गेलेल्या बघून ती म्हणाली, "काका, मला सांगू नका. काकूंना सांगा. त्या इथं नाहीत असं समजून सांगा."

जयसिंगराव कॉम्प्युटरकडं तोंड करून सरसावून बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "चंद्रे, तुला सांगतो." आणि धरण फुटल्यासारखे बोलायला लागले. समुद्राचा आवाज कसा, तर रात्रभर कुणीतरी शेजारच्या खोलीत भात पाखडत असल्यासारखा. काशीच्या गल्लीत एक गाय भेटली, ती थेट आपल्या कपिलेसारखी, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तुझी आठवण आली. नावाडी म्हणाला, बाबा एकटेच का? मी त्याला तू दाखवली. त्यानं तुला हात जोडले. ऋतिका टाइप करताना मध्येच थांबून नाक पुसायची आणि काका विचारायचे, "सर्दी झाली का पोरी?"

असे तीन-चार प्रवास लिहून झाले. मग एका दुपारी लॅपटॉप ओसरीवर आणून चंद्राबाईंना समोर बसवलं. ऋतिका मोठ्यानं वाचत गेली, फोटो सरकत गेले. जयसिंगराव परड्यात उगाचच वैरणीची गंज नीट करत होते, कान मात्र इकडं. सगळं संपल्यावर चंद्राबाई म्हणाल्या, "माझी सुपारी एवढी काळी कशानं पडली?"

"घामानं असंल," परड्यातून उत्तर आलं.

"रोज पुसत जावा," असं म्हणून त्या उठल्या. पण त्या रात्री ताटात न मागता पुरणपोळी पडली, आणि सणवार काही नव्हता.

त्यानंतर ऋतिकाला कंपनीत मोठं काम लागलं. ती दिवस बुडाल्यावर यायची आणि उजाडताच जायची, त्यामुळं ब्लॉगकडं कुणी फिरकलं नाही. लोक मात्र फिरकत होते. परभणीच्या तिच्या मैत्रिणीनं वाचला, तिनं दुसऱ्यांना पाठवला, त्यांनी तिसऱ्यांना. आणि आता मराठी माणसाच्या डोळ्यांनी बघा: एकटा म्हातारा, काशी-रामेश्वर करतोय, कनवटीला बायकोच्या जागी सुपारी, आणि तिला सारखं सांगतोय, चंद्रे, आज तुझी आठवण आली. काय समजेल कुणीही?

एका सकाळी चंद्राबाई अंगणात सडा टाकत होत्या. तेवढ्यात वाटेवर रिक्षा थांबली आणि आभाळ फाटल्यासारखा हंबरडा ऐकू आला. त्यांची मावसबहीण गंगूबाई, कासार आंबोलीची, डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून फाटकातून हेल काढत येत होती. चंद्राबाईंच्या हातातली बादली पडली. आपल्याकडं रडणारी बाई दारात आली की आधी गळ्यात पडून रडायचं असतं, कोण गेलं ते मागून विचारायचं. चंद्राबाई धावत गेल्या आणि गंगूबाईच्या गळ्यात पडून मनापासून रडू लागल्या. गंगूबाईला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं, तीही रडत होती. चांगला वेळ दोघी रडल्या.

"कोण गेलं गं अक्का?" शेवटी चंद्राबाईंनी हुंदका आवरत विचारलं.

"माझी चंद्रा गेली गं!" गंगूबाई म्हणाली, आणि मग जिच्या गळ्यात आपण पडलो होतो तिचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरून बघितलं.

तिनं जी किंकाळी मारली ती म्हणे चांद्यापर्यंत ऐकू गेली.

पाणी पाजल्यावर उलगडा झाला. गंगूबाईचा नातू पुण्यात ऑफिसात होता. त्यानं कॉम्प्युटरवर जयसिंगरावांचं नाव वाचलं होतं, आजोबा सुपारी घेऊन हिंडतायत आणि खाली लोक श्रद्धांजली वाहतायत. आजीला कळवलं, आणि आजी रिक्षा करून निघाली. "मला कळवलं न्हाई म्हनून तुझ्या नवऱ्याला शिव्या घालत आले मी वाटंनं," ती म्हणाली. ज्याला शिव्या घातल्या तो गोठ्याच्या खांबाला टेकून पांढराफटक उभा होता.

तो रविवार होता. ऋतिका-ऋषिकेश घरी होते. लॅपटॉप उघडला, आणि खरंच, प्रत्येक हकिकतीखाली लोकांची रांग लागली होती. काही इंग्रजी अक्षरांतून मराठी, काही नुसतेच हात जोडलेले. काकूंना भावपूर्ण श्रद्धांजली. काका, धीर धरा. काकू भाग्यवान होत्या.

"बंद करा ते," जयसिंगराव म्हणाले. जित्याजागत्या बायकोला आपल्या हातानं मारलं, ह्यापलीकडं त्यांना काही सुचत नव्हतं. "पुसून टाका सगळं. मला न्हाई पायजे."

"पुसायला नको काका," ऋषिकेश घाईनं म्हणाला. "त्या फोटोंच्या साइटवर हलवू, कुंपण घालून."

"थांबा," चंद्राबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या मध्ये बसल्या होत्या, अजून गालांवर रडण्याचे ओघळ होते. "मला वाचून दावा. समदं."

ऋतिका वाचत गेली. आपल्यामागं लोक काय बोलतात हे ऐकायचा योग फार थोड्यांना येतो. चंद्राबाईंनी तो पान चघळत शांतपणे घेतला. अनोळखी माणसं त्यांच्याबद्दल हळहळत होती. शेवटी सोलापूरच्या एका गृहस्थांचं होतं. त्यांनी लिहिलं होतं: बायको गेल्यापासून मी घराबाहेर पडलो नव्हतो. तिला गोकर्णाला जायचं होतं, राहून गेलं. तुमचं वाचलं आणि काल मी देवघरातली सुपारी खिशात घातली. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय.

गंगूबाईनं पुन्हा पदर डोळ्यांना लावला, ह्या वेळी खऱ्या मेलेल्या बाईसाठी.

"बंद करायचं न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "त्यो माणूस परत आल्यावर सांगायला कुटं येईल? पण माझं काय त्ये लिवा. मी हाय म्हनावं."

"लिहिते काकू, आत्ता लिहिते."

"नुसतं लिवून कोन खरं मानतंय? फोटू टाका."

ऋषिकेशनं लगेच कॅमेरा आणला. चंद्राबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. "हितं अंगणात सडा टाकतानाचा? ती सुपारी काशी करून आली, आन् मी शेणाच्या बादलीसंगं व्हय? मला बी फिरायला गेल्याचा फोटू पायजे."

जयसिंगरावांनी मान वर केली. "अगं, पर गाडी लागती न्हवं तुला."

"डब्यात कोंबलं की लागती," चंद्राबाई म्हणाल्या. "ट्रॉलीत कवा लागली? त्या टेंपूत लागली व्हती का? बसच पायजे, असं कुनी सांगितलं तुमाला?"

प्रवास म्हणजे बस, बस म्हणजे उलटी, म्हणजे चंद्रा घरी. हे जयसिंगरावांच्या डोक्यात एवढं पक्कं बसलं होतं, की बायको रोज कडब्यावर बसून पान खात जाते ते डोळ्यांना दिसत असूनही दिसलं नव्हतं. त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम झाल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. उठून ट्रॅक्टरला डिझेल आहे का ते बघायला गेले.

दुसऱ्या रविवारी सकाळी रानवड्यांची ट्रॉली धुऊन, आत कडबा आणि वर घोंगडी टाकून निघाली. घोटावडे, पौड करत मुळशीच्या धरणाकडं. मागं चंद्राबाई हिरवं जरीकाठी नेसून बसल्या होत्या. शेजारी गंगूबाई, कारण एवढं रडल्यावर तिला मागं ठेवणं बरं दिसलं नसतं. ऋषिकेश-ऋतिका मोटरसायकलवर मागून येत होते. चढाला ट्रॅक्टर धापा टाकायचा आणि मागच्या मोटारी हॉर्न वाजवायच्या. त्यांतल्या बंद काचांमागच्या माणसांकडं चंद्राबाई मोठ्या दयेनं बघत होत्या. जयसिंगराव दर वळणावर मागं वळून विचारायचे, "बरं हाय न्हवं?" आणि दर वळणावर त्या ओरडायच्या, "फुडं बघा!"

पाण्याच्या कडेला पोचल्यावर त्या उतरल्या आणि पदर सावरून उभ्या राहिल्या. धरण भरलेलं होतं. पलीकडं डोंगर, त्यांच्या पायथ्यापर्यंत पाणीच पाणी. त्या बराच वेळ बघत होत्या. जयसिंगराव शेजारी येऊन उभे राहिले. रामेश्वरापासून ते ज्या जागेवर पिशवी ठेवत आले होते, ती जागा आज भरली होती.

"समुद्र असाच असतुया का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"ह्याच्याहून मोठा. पलीकडचा काठच दिसत न्हाई त्याचा."

"मंग ह्योच बरा," चंद्राबाई म्हणाल्या. "पलीकडं काय हाय ते तरी कळतंय."

ऋतिकानं फोटो काढला. दोघं शेजारी शेजारी, मागं पाणी. काका ताठ, काकू किंचित हसऱ्या. "काका, आता नेहमीसारखा सुपारीचा पण एक काढू," ती म्हणाली. जयसिंगरावांनी सवयीनं कनवटीतून सुपारी काढली. पुसून पुसून आता ती चकाकत होती.

चंद्राबाईंनी हात पुढं केला. "आणा हिकडं."

त्यांनी दिली. चंद्राबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. एवढी वर्षं आपल्या जागी बसलेली, आपल्या वाटणीचा चहा प्यालेली, गंगेच्या पायरीवर पाय सोडून बसलेली ती. मग त्यांनी कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि सुपारी त्याच्या दोन पात्यांत धरली.

"अगं, अगं! रामेश्वरची हाय ती!" जयसिंगराव ओरडले. "दिवाळीनंतर जगन्नाथपुरीला जायाचंय. मी काय घेऊन जाऊ?"

चंद्राबाई थांबल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. पाट्या वाचत उभा राहणारा तो पोरगा त्यांनी कधी बघितला नव्हता, पण ह्या वेळी तो त्यांना दिसला असावा, कारण त्या एरवीसारख्या फटकळपणे बोलल्या नाहीत.

"मला लई चांगलं ठेवलं तुमी हिच्यात," त्या म्हणाल्या. "पर मला एकटीला घरी बरं वाटत नव्हतं. कवा बोलले न्हाई. जायाचं असलं तर जावा पुरीला, मी दशम्या बांधून देते. पर हिला न्यायचं न्हाई. न्हाईतर मंग ट्रॅक्टर जाईल तितं जाऊ, दोगं."

जयसिंगरावांनी पाण्याकडं बघितलं, मग ट्रॅक्टरकडं. जगन्नाथाचा समुद्र ट्रॅक्टरच्या टप्प्यात नाही, हे त्यांना कळत होतं. लहानपणापासूनची ओढ एका झटक्यात जात नाही. ती त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. मग ते म्हणाले, "ट्रॅक्टर ताम्हिणीपत्तुर जातोय आरामात."

"मंग ताम्हिणी बघू," चंद्राबाई म्हणाल्या आणि अडकित्ता दाबला.

जुनी सुपारी, एका दाबात फुटेना. दुसऱ्या दाबाला कडकन आवाज झाला आणि दोन फोडी झाल्या. एक त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली, दुसरी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. ऋतिकाचा कॅमेरा हातात तसाच राहिला. त्या क्षणाचा फोटो ब्लॉगवर नाही.

जयसिंगरावांनी फोड दाढेखाली धरली. चावता येईना. डोळ्यांत पाणी आलं.

"कडक लागली का?" चंद्राबाईंनी विचारलं.

"लई," ते म्हणाले आणि चघळत राहिले.